काट्याकडे बघा, मग बॅटरीकडे
(ट्रॅक्टरचे चार्जिंग आणि डॅशबोर्डवरील मीटर : घरच्या घरी तपासणी)



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या ट्रॅक्टरला रात्र आणि दिवस सारखेच. फडातून ऊस भरून निघायचे, यार्डात नंबर लावायचा, वजन करायचे, गव्हाणीवर रिकामे व्हायचे आणि पुन्हा फडाकडे. या धावपळीत ट्रॅक्टर बंद पडण्याची कारणे पुष्कळ असली, तरी एक कारण फार वेळा दिसते. नंबर पुढे सरकतो, ड्रायव्हर चावी फिरवतो, सेल्फ ‘टक्’ असा एकच आवाज करतो आणि गप्प बसतो. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. मग चार माणसे बोलवा, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा, कशीबशी गाडी चालू करा. दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी बॅटरी येते आणि महिनाभराने तीही तशीच ‘टक्’ म्हणते.

याचा अर्थ उघड आहे. दोष बॅटरीत नव्हताच. बॅटरी ही पाण्याच्या टाकीसारखी आहे. टाकीत पाणी नाही म्हणून टाकीच बदलली, पण मोटार पाणी चढवते की नाही, पाइप कुठे गळतो की काय, हे पाहिलेच नाही, तर नवी टाकीही कोरडीच राहणार.

आपण कारखान्याच्या वजनकाट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो, कारण तिथे आपला पैसा आहे. तितक्याच काळजीने ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे पाहिले, तर पुष्कळ पैसा वाचेल. या लेखाचे सांगणे थोडक्यात असे : मोजल्याशिवाय काही बदलू नका आणि तपासल्याशिवाय काट्याला खोटे म्हणू नका.

१) वीज येते कुठून, जाते कुठे

इंजिनच्या पुढे क्रँक पुलीवरून एक पट्टा फिरतो. त्याला आपण फॅनबेल्ट म्हणतो. बहुतेक ट्रॅक्टरवर हाच एक पट्टा तीन कामे करतो : पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो आणि अल्टरनेटर फिरवतो. अल्टरनेटर वीज तयार करतो. रेग्युलेटर त्या विजेचा दाब बेताचा ठेवतो. तिथून वीज जाड वायरने अॅमीटरमधून बॅटरीकडे येते. परतीचा रस्ता मात्र वायरचा नसतो. तो इंजिनच्या आणि चेसिसच्या लोखंडातून असतो आणि शेवटी बॅटरीच्या मायनस केबलने पूर्ण होतो. यालाच आपण ‘अर्थ’ म्हणतो. जाण्याचा रस्ता सगळे तपासतात, परतीचा कोणी तपासत नाही. निम्मे दोष तिथेच दडून बसतात.

आता डिझेल ट्रॅक्टरची एक खोड लक्षात घ्या. साध्या पंपाचे डिझेल इंजिन एकदा चालू झाले की त्याला चालत राहण्यासाठी वीज लागत नाही. त्यामुळे चार्जिंग सकाळीच बंद पडले तरी गाडी संध्याकाळपर्यंत बिनबोभाट चालते. दिवसा कळत नाही. रात्री दिवे पिवळे पडतात, मग विझतात आणि दोन ट्रॉल्या मागे असताना टेललाईट नसलेला ट्रॅक्टर अंधाऱ्या रस्त्यावर उभा राहतो. मागून भरधाव येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही. म्हणजे चार्जिंगचा प्रश्न केवळ सेल्फ लागण्याचा नाही. तो माणसाच्या जिवाचाही आहे.

२) डॅशबोर्ड काय बोलतो

अॅमीटर : मध्ये शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. सेल्फ मारून इंजिन चालू झाले की काटा अधिककडे उडी घेतो आणि बॅटरीची भर जसजशी होते तसतसा हळूहळू शून्याजवळ येतो. हे निरोगीपणाचे लक्षण. काटा शून्याजवळ आला म्हणजे चार्जिंग बंद पडले, असे काही ड्रायव्हर समजतात, ते बरोबर नाही. दिवे लावा. इंजिन वेगात असताना काटा उणे बाजूला जाऊन तिथेच राहिला, तर मात्र अल्टरनेटर काम करत नाही. उलट, तास-दोन तास गाडी चालूनही काटा अधिककडे ठाण मांडून बसला, तर एक तर रेग्युलेटर बिघडून जादा चार्जिंग होत आहे, नाही तर बॅटरीचा एखादा सेल आतून गेला आहे.

चार्जिंगचा लाल दिवा : चावी फिरवली की लागला पाहिजे, इंजिन चालू झाले की विझला पाहिजे. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पुष्कळ अल्टरनेटर सुरुवातीला जागे होतात ते या दिव्यातून येणाऱ्या थोड्याशा विजेवर. बल्ब उडाला असेल तर अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा इंजिन खूप वाढवल्यावरच होते. म्हणून चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर ‘लाल दिवा नाही, म्हणजे सगळे ठीक’ असे समजू नका. न लागणारा दिवा हाही बिघाडच आहे. आधी तो बल्ब त्याच वॅटचा नवा घाला, मग पुढचे पाहा.

तेलाचा दिवा : चावीवर लागतो, इंजिन चालू झाल्यावर काही क्षणांत विझतो. चालत्या गाडीत लागला तर पुढचे वळण, पुढचा ढाबा असे काही पाहू नका. जागेवर इंजिन बंद करा.

पाण्याचा काटा : ऊस वाहतुकीत रेडिएटरच्या जाळीवर पाचटाचा भुगा बसतो आणि हवा अडते. काटा तांबड्याकडे सरकू लागला की पहिली शंका याच भुग्याची घ्यावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : चार्जिंगचा लाल दिवा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकाच वेळी बोलू लागले, तर पट्टा तुटला किंवा सुटला असे समजावे. अशा वेळी चार्जिंगची चिंता दुय्यम आहे. पाण्याचा पंप आणि पंखाही थांबलेला असतो. तशीच गाडी कारखान्यापर्यंत रेटली, तर इंजिन जाम होऊ शकते. पट्ट्याची किंमत कुठे आणि इंजिन बांधायचा खर्च कुठे! एक जादा पट्टा टूलबॉक्समध्ये कायम असू द्या.

३) तपासणीच्या पायऱ्या

यासाठी एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्यावा. तो काही शे रुपयांत मिळतो. त्याचा दांडा डी. सी. २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक प्लसला, काळे मायनसला. एवढे आले तरी पुष्कळ काम होते. तपासणी मात्र क्रमाने करा. मधली पायरी गाळली की निष्कर्ष चुकतो.

पायरी पहिली, डोळे आणि हात. इंजिन बंद ठेवून, चावी काढून पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. जास्त दबला तर तो पुलीवर घसरतो. दिवे लावताच ‘चीं’ असा आवाज येणे ही त्याचीच खूण. फार ताणलेला पट्टाही वाईट, तो अल्टरनेटरची आणि पाण्याच्या पंपाची बेअरिंग खातो. मग बॅटरीची टर्मिनले हाताने हलवून पाहा. पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर केबल काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. झाकणे लावूनच धुवा. सेलमधील पाणी कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे, नळाचे किंवा बोअरचे पाणी नको आणि अॅसिड तर मुळीच नको.

पायरी दुसरी, सकाळचे मोजमाप. रात्रभर गाडी बंद असताना, सकाळी चावी न लावता बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्ट मोजा.

१२.६ किंवा अधिक : बॅटरी पूर्ण भरलेली
१२.४ : पाऊण
१२.२ : निम्मी
१२.० : पाव
११.८ च्या खाली : जवळजवळ रिकामी

पाहा, भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीत एक व्होल्टचाही फरक नाही. म्हणून ‘बारा व्होल्ट दाखवते, म्हणजे बॅटरी चांगली’ हे म्हणणे फसवे आहे. बाराला बॅटरी फक्त पाव भरलेली असते.

ज्यांच्याकडे हायड्रोमीटर आहे त्यांनी प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी पाहावी. भरलेल्या बॅटरीत ती साधारण १.२४० ते १.२७० असते. सहाही सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी उतरली आहे, चार्ज करा. पाच सेल चांगले आणि एकच सेल ०.०५० किंवा त्याहून जास्त खाली, तर तो सेल गेला. अशी बॅटरी चार्जिंगला कितीही ठेवली तरी उपयोग नाही. नुकतेच पाणी घातले असेल तर ग्रॅव्हिटी लगेच मोजू नये. ते आधी मिसळू द्यावे.

पायरी तिसरी, सेल्फच्या वेळी. मीटर बॅटरीवरच धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा खाली येणारच, पण साधारण साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीही सहा-सातपर्यंत कोसळत असेल तर ती आतून संपली आहे, किंवा सेल्फ जड झाला आहे. उलट, सेल्फ ‘टक्’ करून थांबतो आणि मीटर मात्र बारा-साडेबाराच दाखवतो, तर वीज बॅटरीत आहे पण पोचत नाही. सैल केबल, खराब अर्थ किंवा सेल्फचा स्विच, यांपैकी कुठे तरी दोष आहे. इथे नवी बॅटरी घेणारा माणूस पैसे पाण्यात घालतो.

पायरी चौथी, चार्जिंग. इंजिन चालू करा, दीड हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवा आणि बॅटरीवरच मोजा. १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक. आता पुढचे सगळे दिवे लावा. आकडा थोडा उतरेल, पण साडेतेराच्या जवळपास टिकला पाहिजे. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला. अशा गाडीत बॅटरीचे पाणी वारंवार आटते आणि बल्ब वरचेवर उडतात. इंजिन चालू असूनही आकडा सकाळच्याइतकाच राहिला, तर चार्जिंग नाही. मग पाचव्या पायरीवर या.

पायरी पाचवी, वीज अडली कुठे? मीटरचे काळे टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवा आणि लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या नटावर. इथे साडेचौदा किंवा त्याहून जास्त आणि बॅटरीवर साडेबारा, असे निघाले तर अल्टरनेटर निर्दोष आहे. मधल्या वायरीत, फ्यूजमध्ये किंवा अॅमीटरच्या मागच्या नटात दोष आहे. अॅमीटरमधून चार्जिंगची सगळी वीज जाते. त्याचा नट सैल झाला की तो तापतो, वायरीचे आवरण वितळते आणि डॅशबोर्डच्या मागे जळका वास येतो. सगळे दिवे लावून या दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नसावा.

आता परतीचा रस्ता. इंजिन चालू, दिवे चालू. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या अंगाला घासून लावा, दुसरे बॅटरीच्या मायनसला. इथे जवळजवळ शून्य यायला हवे. ०.२ च्या वर आले तर अर्थ खराब. मायनस केबल चेसिसला जिथे बसते तिथला रंग आणि गंज खरवडून ती पुन्हा आवळा. काम पाच मिनिटांचे आहे आणि ते केल्यावर पुष्कळ ‘मेलेले’ अल्टरनेटर जिवंत होतात.

दोन्ही ठिकाणी व्होल्ट कमी, पट्टा ठीक, लाल दिव्याचा बल्ब ठीक, अर्थ ठीक, तरीही चार्जिंग नाही, तर आता अल्टरनेटर खोला. आतले कार्बन झिजले असतील किंवा रेग्युलेटर गेला असेल. दोन्ही सुटे भाग मिळतात. सबंध अल्टरनेटर बदलण्याआधी कारागिराला एवढे दोन भाग पाहायला सांगा.

४) दिवसा चार्ज होते, रात्रीतून उतरते

चौथ्या पायरीला आकडे चांगले आले, तरी सकाळी बॅटरी रिकामी. म्हणजे रात्री वीज कुठे तरी गळते. बॅटरीची मायनस केबल काढा. केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये १२ व्होल्टचा पाच वॅटचा लहान बल्ब जोडा. चावी बंद, सगळे स्विच बंद. बल्ब पेटला तर गळती आहे. आता एकेक फ्यूज काढत जा. जो फ्यूज काढल्यावर बल्ब विझेल, त्या लाइनीत चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटतोच, तर अल्टरनेटरची जाड वायर काढून, तिचे टोक कुठे टेकू न देता पाहा. तेव्हा विझला तर अल्टरनेटरचा डायोड गेला आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागणे ही त्याचीच खूण.

५) गाण्यांचा हिशोब

हंगामात ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर लावून गाणी वाजवण्याची हौस आपल्याकडे आहे. रात्रीच्या खेपेला ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणूनही ती लागतात. हौसेला ना नाही, पण हिशोब करा. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात.

पुढचे दोन दिवे, प्रत्येकी ५५ वॅट, मिळून ११० वॅट. मागचे, बाजूचे आणि ट्रॉलीचे दिवे धरा ४० वॅट. एकूण १५० भागिले १२, म्हणजे साडेबारा अँपिअर. मागे ५५ वॅटचा फोकस लावला तर आणखी साडेचार. गाण्यांच्या मशिनने १५० वॅट ओढले तर आणखी साडेबारा. बेरीज साडेएकोणतीस अँपिअर. आपला अल्टरनेटर ३६ अँपिअरचा आहे असे धरले, तरी तो एवढी वीज देतो ती इंजिन वेगात असताना. यार्डातल्या रांगेत मंद इंजिनवर तो समजा पंधराच अँपिअर देतो. उरलेले साडेचौदा बॅटरीतून जातात. म्हणजे इंजिन चालू असूनही बॅटरी रिकामी होत असते आणि याचा दोष मात्र ‘नव्या बॅटरीची क्वालिटी राहिली नाही’ असा दुसऱ्यावर जातो.

इंजिन बंद करून चार तास गाणी वाजवली, तर साडेबारा गुणिले चार, म्हणजे पन्नास अँपिअर-तास. ८८ अँपिअर-तासाच्या बॅटरीतला निम्म्याहून अधिक साठा गेला. त्या मानाने सेल्फचा खर्च किती? सेल्फ दोनशे अँपिअर ओढतो आणि पाच सेकंद चालतो असे धरा. तो पाव अँपिअर-तासाहून थोडासाच जास्त होतो. दहा अँपिअरचे चार्जिंग तो दोन मिनिटांत भरून काढते. सेल्फ बॅटरीला मारत नाही. मारतात ते नंबरची वाट पाहताना चालू राहिलेले दिवे आणि गाणी. यावर उपाय सोपा : रांगेत उभे असताना पुढचे दिवे आणि फोकस बंद, गाणी बेताची. मागचे लाल दिवे मात्र गाडी रस्त्यावर असेपर्यंत कधीही बंद करू नका.

ट्रॉलीबद्दल एक सूचना. ट्रॉलीच्या दिव्यांची अर्थ बहुधा हुकाच्या पिनमधून घेतलेली असते. तिथे ग्रीस आणि माती असल्याने दिवे फडफडतात. इंडिकेटर दिला की टेललाईट मंद होते, ती याच कारणाने. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढा, दुसऱ्या ट्रॉलीपर्यंतही ओढा. आणि दिवे चांगले असले तरी रिफ्लेक्टर हवेतच. दिव्याला वीज लागते, रिफ्लेक्टरला लागत नाही.

६) काटा खरा की खोटा?

पाण्याचा काटा तांबड्यावर गेला की ‘मीटरच खराब आहे’ असे म्हणून पुढे जाणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत. कधी ते खरे असते. पण ज्या दिवशी खरे नसते, त्या दिवशी हेड जाते. म्हणून आधी इंजिन खरेच तापले नाही, हे पाहा. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका, उकळते पाणी अंगावर येते. थंड झाल्यावर पाण्याची पातळी, जाळी आणि पट्टा पाहा. हे सगळे ठीक असेल तरच काट्याची परीक्षा घ्या.

विजेच्या मीटरची परीक्षा अशी. इंजिनवर जिथे सेंडर बसवलेला आहे, तिथली एक वायर चावी बंद असताना काढा. मग चावी चालू करा. काटा थंड बाजूला गेला पाहिजे. पुन्हा चावी बंद करून त्या वायरचे टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा आणि क्षणभर चावी चालू करा. काटा गरम बाजूला धावला पाहिजे. दोन्हीकडे गेला तर मीटर आणि वायर चांगली, दोष सेंडरमध्ये. कुठेच हलला नाही तर दोष वायर, फ्यूज किंवा मीटर यांत. नवा सेंडर बसवताना त्याच्या आट्यांवर टेफलॉनची पट्टी जाड गुंडाळू नये. त्याची अर्थ आट्यांतूनच जाते आणि ती तुटली तर नवा सेंडरही खोटे बोलतो.

आणखी एक इशारा. पाणी गळून फार कमी झाले, तर सेंडर पाण्यात न राहता वाफेत किंवा हवेत राहतो. अशा वेळी काटा वर जाण्याऐवजी अचानक खाली येऊ शकतो. चढलेला काटा एकदम उतरला म्हणून आनंद मानू नका. थांबून पाहा.

डिझेलच्या काट्याची परीक्षाही याच रीतीने होते. मात्र टाकीजवळ ठिणगी पडू नये म्हणून वायर आधी घट्ट जोडावी आणि मगच चावी फिरवावी. तेलाचा दिवा चावीवर लागतच नसेल तर त्याच्या स्विचची वायर लोखंडाला टेकवा. लागला तर स्विच खराब, नाही लागला तर बल्ब किंवा वायर. पण चालत्या इंजिनात दिवा पेटत असेल, तर स्विचवर संशय घेण्याआधी डिपस्टिक पाहा आणि कारागिराकडून साध्या गेजने तेलाचा दाब मोजून घ्या. तोवर इंजिन चालवू नका.

सगळेच काटे एकदम चुकू लागले, सगळे वर किंवा सगळे खाली, तर प्रत्येक सेंडर बदलत बसू नका. सगळ्यांचा सामाईक फ्यूज, डॅशबोर्डची अर्थ किंवा मीटरचा व्होल्टेज स्टॅबिलायझर यांत दोष असतो. घरातले सगळे एकदम आजारी पडले तर पाणी तपासावे, तसे हे आहे.

जुन्या काही ट्रॅक्टरवर तेलाच्या आणि पाण्याच्या मीटरला वायर नसून बारीक नळी असते. त्यांना वरची परीक्षा लागू नाही. ती नळी मोडू किंवा कापू नये.

७) जुने आणि नवे ट्रॅक्टर

जुन्या ट्रॅक्टरवर अल्टरनेटरऐवजी डायनामो आणि कटआऊट असतो. डायनामो मंद इंजिनवर जवळजवळ चार्जिंग करत नाही. त्यामुळे मंद चालीत अॅमीटर उणे दिसला तर घाबरू नये, इंजिन वाढवून पाहावे.

नव्या ट्रॅक्टरची गोष्ट उलट आहे. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांत कॉम्प्युटरने चालणारी इंजिने आली. अशा इंजिनाला चालत राहण्यासाठीही वीज लागते. बॅटरी उतरली तर चालती गाडी बंद पडू शकते. त्यांच्या सेन्सरच्या वायरी काढून लोखंडाला टेकवण्याची परीक्षा बिलकूल करू नका, महागडा कॉम्प्युटर जळेल. त्यांच्यावर पहिल्या चार पायऱ्या कराव्यात. त्यापुढचे काम माहितगार कारागिराचे.

८) हे कधीही करू नका

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढू नका. ‘केबल काढून चार्जिंग बघायचे’ ही युक्ती डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरचे डायोड त्याने उडतात.

ट्रॅक्टरला किंवा जोडलेल्या ट्रॉलीला इलेक्ट्रिक वेल्डिंग करताना आधी बॅटरीच्या दोन्ही केबली काढा आणि अल्टरनेटरच्या वायरीही काढा.

बॅटरी काढताना आधी मायनस, बसवताना शेवटी मायनस. असे केले म्हणजे पाना लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही.

यार्डातल्या ट्रकवरून बॅटरी जोडून गाडी चालू करण्याआधी त्याची यंत्रणा किती व्होल्टची आहे ते विचारा. काही ट्रकांना २४ व्होल्ट असतात. आपल्या १२ व्होल्टच्या गाडीला ते जोडू नये. जोडताना प्लसला प्लस, आणि मायनसचे शेवटचे टोक बॅटरीपासून दूर इंजिनच्या लोखंडाला.

चार्जिंग होत असलेल्या बॅटरीजवळ बिडी, काडी, कंदील आणू नका. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो आणि बॅटरी फुटून अॅसिड डोळ्यांत जाते. गेलेच, तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरकडे जा.

फ्यूज उडाला म्हणून तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावू नका. वर पाचट, खाली डिझेल आणि मध्ये तापलेली वायर, याचे पुढे काय होते ते सांगायला नको.

९) हंगामाआधी आणि हंगामानंतर

मोळी टाकण्याआधी एकदा पाचही पायऱ्या करा आणि आकडे वहीत लिहून ठेवा : सकाळचे व्होल्ट, सेल्फचे व्होल्ट, चार्जिंगचे व्होल्ट, तारीख. दर पंधरा दिवसांनी हेच करा. एकटा आकडा फारसे सांगत नाही, पण चार आकडे शेजारी ठेवले की बॅटरी उतरणीला लागली हे महिनाभर आधी कळते. हंगाम संपल्यावर पावसाळ्यात ट्रॅक्टर नुसता उभा राहणार असेल, तर मायनस केबल काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा. रिकामी ठेवलेली बॅटरी आतल्या आत खराब होते, मग दसऱ्याला तिची पूजा करून उपयोग नाही.

उजळणी

प्रश्न : चावी फिरवली, चार्जिंगचा लाल दिवा लागलाच नाही. चांगले की वाईट?
उत्तर : वाईट. बल्ब पाहा. त्यावाचून अल्टरनेटर जागा होत नसेल.

प्रश्न : सेल्फ टक् करतो, पण बॅटरी साडेबारा दाखवते. काय बदलावे?
उत्तर : आधी काहीच नाही. केबल, अर्थ आणि सेल्फचा स्विच तपासावा.

प्रश्न : लाल दिवा आणि तापमान दोन्ही एकदम चढले?
उत्तर : गाडी थांबवा. पट्टा पाहा.

प्रश्न : पाण्याचा काटा तांबड्यावर आहे, ड्रायव्हर म्हणतो मीटर खराब आहे. काय करावे?
उत्तर : गाडी थांबवावी, इंजिन थंड होऊ द्यावे, पाणी, जाळी आणि पट्टा पाहावा. मीटर खराब आहे हे शेवटी ठरवावे.

सभासद मालकांना एक विनंती. हा लेख आपण वाचाल, पण रात्री दोन वाजता स्टिअरिंगवर ड्रायव्हर असतो. त्याला हा वाचून दाखवा. काटा तांबड्यावर गेल्यावर गाडी थांबवली म्हणून त्याला बोल लावू नका. एक खेप चुकली तर दुसऱ्या दिवशी भरून निघते. मालक रागावेल या भीतीने तो न थांबता पुढे आला, तर जे जाते ते मात्र हंगामभर भरून निघत नाही.